मंदे, तिकीट तूच काढ

चरई, ठाणे
रविवार

प्रिय मंदा,
सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. तू खारघरला लेकाकडे कायमची राहायला आलीस, आता देवरुखची एसटी नको नि रात्रीचं जागरण नको. पनवेल-ठाणे लोकलमध्ये बसलीस की थेट माझ्या दारात. बाकी खुशाली भेटीत बोलू. तुझ्या मुख्य तक्रारीला उत्तर देते.

दुपारी घर रिकामं असतं, पिक्चर बघावासा वाटतो, पण मॉलमधल्या खिडकीवर इंग्रजी बोलतात, आणि सुनेला दर वेळी ‘तिकीट काढून दे गं’ म्हणायचं जिवावर येतं. बरोबर ना? मग ऐक. त्या खिडकीमागे टाय लावून उभी असलेली पोरं कुठली असतात? कळव्याची, दिव्याची, ऐरोलीची. ‘गुड आफ्टरनून मॅम’ त्यांना शिकवलेलं असतं म्हणून म्हणतात. आपण मराठीत सुरुवात केली की बहुतेक जण सुटल्यासारखे मराठीत बोलतात. तेव्हा माणसाला घाबरू नकोस. खरं इंग्रजी आहे ते डोक्यावरच्या बोर्डावर, तिकिटावर आणि मोबाइलच्या ॲपमध्ये. तिथे मराठीत बोलून भागत नाही.

मी मध्यंतरी इथल्या एका इंग्रजीच्या क्लासला जात होते. तिथे आम्हाला ‘मे आय हॅव टू टिकेट्स प्लीज’ घोकून घेत. छान वाक्य आहे, पण ते म्हटल्यावर समोरून जो प्रश्नांचा मारा होतो त्याबद्दल बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. माझं स्पष्ट मत आहे मंदे, आपण काय बोलायचं हे आधी शिकायचंच नाही. ते काय विचारणार तेवढं कानाला ओळखीचं करून घ्यायचं. प्रश्न ठरलेले असतात: ‘विच मूव्ही, विच शो?’ ‘हाऊ मेनी?’ ‘सेंटर ऑर कॉर्नर?’ ‘कॅश, कार्ड ऑर यूपीआय?’ आणि शेवटी हमखास, ‘एनी पॉपकॉर्न, कॉम्बो?’ याला ‘नो, थँक यू’. हे एक उत्तर चोख जमलं तरी दोन-तीनशे रुपये वाचतात. ही पोरं तो प्रश्न अशा गोड आवाजात विचारतात की नाही म्हणताना आपल्यालाच लाजल्यासारखं होतं. लाजू नकोस. बाहेरचं खाणं आत नेऊ द्यायचं की नाही हे थिएटरवाल्यांनी ठरवावं, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं. म्हणजे तुझ्या चकल्या बॅग तपासताना अडवतील. पण त्याच वेळी पिण्याचं पाणी मात्र फुकट मिळालं पाहिजे, हेही कोर्टाने म्हटलंय. ‘ड्रिंकिंग वॉटर?’ एवढं विचारलंस की बोट दाखवतात. बाटलीचे पैसे टाकू नकोस.

आता सीटचा नकाशा. खिडकीवर स्क्रीन आपल्याकडे वळवतात, ॲपमध्येही तोच येतो, आणि माणसं गोंधळतात ती इथेच. छोट्या चौकोनांच्या रांगा, बाजूला ए, बी, सी. या अक्षरांवर विसंबून राहू नकोस. काही ठिकाणी ए म्हणजे पडद्याला चिकटून, काही ठिकाणी ए म्हणजे सगळ्यात मागे. आधी पडदा कुठे काढलाय ते शोध. बहुतेक वेळा तळाला एक आडवी पट्टी असते आणि ‘स्क्रीन’ लिहिलेलं असतं. पट्टीपासून जितकी लांब तितकी मागची रांग. राखाडी चौकोन गेलेले, बाकीचे मोकळे. रांगांच्या मध्ये जी उभी मोकळी जागा दिसते तो जायचा-यायचा रस्ता, त्याला लागून असलेली खुर्ची म्हणजे ‘आयल सीट’. मध्येच उठावं लागणाऱ्या आपल्यासारख्यांनी तीच मागावी. रिक्लायनर म्हणजे पाय पसरून आडवं व्हायची खुर्ची. दुप्पट पैसे मोजून झोपायचं असेल तर ती घे, माझी ना नाही.

आणि गंमत बघ, हे इंग्रजी आपल्याला नवं आहे का गं? स्टॉल, बाल्कनी, मॅटिनी, ॲडव्हान्स बुकिंग, इंटरव्हल, हाऊसफुल्ल, ब्लॅक. लग्न होऊन मी ठाण्यात आले तेव्हा गणेश टॉकीजला नि वंदनाला हेच शब्द सगळ्या बायकांच्या तोंडी होते. त्यातल्या कितीतरी जणी सही करताना अडखळायच्या, पण ‘बाल्कनीची दोन’ म्हणताना नाही.

नातवाला नेणार असशील तर नावापुढची अक्षरं बघून घे. यू म्हणजे सगळ्यांसाठी, ए म्हणजे 18 पूर्ण झालेल्यांसाठीच, तिथे दारावर अडवतात. मधल्या यूए ला आता आकडे लागलेत, 7+, 13+, 16+. 2024 च्या नियमांतून आले. तुझा नातू दहाचा, म्हणून 13+ ला त्याला बंदी आहे असं नाही. तो आकडा आईबापांना सूचना म्हणून असतो, न्यायचं की नाही ते घरच्यांनी ठरवायचं. त्याच्याच खाली भाषा असते, हिंदी, मराठी की इंग्लिश, आणि 2डी की 3डी. परदेशी चित्रपट एकाच दिवशी तीन भाषांत लागलेला असतो, तेव्हा ती ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

पैशांचं थोडक्यात. ॲपवर तिकिटाखाली ‘कन्व्हिनियन्स फी’ म्हणून वेगळी रक्कम लावतात. खिडकीवर ती नसते. जीएसटी दोन्हीकडे आहेच. सप्टेंबर 2025 पासून शंभरापर्यंतच्या तिकिटाला 5 टक्के, त्यावरच्याला 18. आणि ‘नॉन-रिफंडेबल’ दिसलं की समज, पाहुणे आले म्हणून बेत रद्द केलास तरी पैसे परत नाहीत.

एक राहिलंच. तिकिटावर ‘ऑडी 3’ असं लिहिलेलं असतं. तो हॉलचा नंबर. जिन्याशी उभ्या असलेल्या पोराला तिकीट दाखवलं की झालं, तिथे एक शब्दही बोलावा लागत नाही.

येत्या बुधवारी दुपारी भेटू या. मधल्या वारी गर्दी नसते आणि दरही उतरलेले असतात. सीवूड्सचा मॉल स्टेशनलाच लागून आहे, तुला खारघरहून दुसरंच स्टेशन, मीही त्याच लोकलच्या मार्गावर. मी मुद्दाम थोडी उशिरा येईन. तोवर तू दोन तिकिटं काढून ठेव, मागून तिसरी-चौथी रांग, आणि कडेची खुर्ची मला, गुडघा अजून कुरकुरतो. पिक्चर तू निवड, फक्त भुताचा नको.

देवरुखहून आगळ आणलं असशील तर एक बाटली माझी. सूनबाईंना आशीर्वाद, नातवाला पापा.

तुझी,
शैला