तुम्ही दोघं इटास्काला या

पार्क रॅपिड्सजवळ, मिनेसोटा

तीर्थरूप आई आणि बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "गुडघे साथ देत नाहीत, जंगलात राहायचं आमचं वय गेलं." आणि आईने लगेच संडासाचं विचारलं. फोनवर असं बोलणं घाईत उरकतं, म्हणून सविस्तर लिहितेय. पुढच्या सप्टेंबरात तुम्ही आमच्याकडे असाल, तेव्हा तुम्हाला इटास्का तळ्याकाठी आरव्हीतून, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीतून, राहायला न्यायचं माझ्या मनात पक्कं आहे. हे सगळं वाचा, मग हो-नाही ठरवा.

आधी गाडीचं सांगते, कारण तुमच्या मनात तंबू आहे. तंबू नाही, जमिनीवर झोपणं नाही. आम्ही भाड्याने घेतो ती गाडी साधारण पंचवीस फूट लांब असते. मागच्या बाजूला दोघांचा पलंग, बाबांना वाकावं लागणार नाही अशा उंचीचा. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखी जागा आहे, तिथे तुमचा नातू ओजस झोपतो. मध्ये बसायचं टेबल, गॅसची शेगडी, बेसिन, फ्रिज. दाराशी दोन-तीन पायऱ्या आहेत आणि धरायला दांडा आहे. पहिली पायरी जरा उंच पडते, म्हणून खाली ठेवायला एक बुटकं स्टूल मी आणलंय. गाडी चालू असताना मात्र आडवं पडता येत नाही, पट्टा लावून बसावंच लागतं. मिनीआपोलिसहून इथे यायला चार तास धरा. वाटेत हवं तिथे थांबू.

आई, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. संडास गाडीतच आहे, दाराला कडी आहे आणि रात्री पलंगापासून चार पावलांवर आहे. पायाने दाबायचं पॅडल असतं, त्याने फ्लश होतो. मैला खालच्या एका बंद टाकीत जातो, अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी दुसऱ्या टाकीत. निघायच्या दिवशी कॅम्पग्राउंडवरच्या ठरलेल्या जागी जाड पाइप लावून दोन्ही टाक्या रिकाम्या करायच्या. आधी मैल्याची, मग साबणाच्या पाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. हे काम सुहास हातमोजे घालून करतो आणि अगदी नीट करतो. तुला तिथे उभंही राहावं लागणार नाही. शिवाय कॅम्पग्राउंडवर गरम पाण्याच्या अंघोळीची वेगळी इमारत आहे, ती स्वच्छ असते.

गाडीत साधारण दीडशे लिटर पाणी मावतं, ते जपून वापरायचं. वाईत दिवसाआड पाणी यायचं तेव्हा दोन पिंपांवर घर चालवलंस तू, तुला कुणी शिकवायची गरज नाही.

बाबा, तुमच्यासाठी वेगळा परिच्छेद. इटास्काला काही जागांवर विजेचा खांब असतो, पण पाणी आणि सांडपाण्याची जोडणी नसते, म्हणून पाणी येतानाच भरून घ्यायचं. आमच्या गाडीची जोडणी 120 व्होल्ट, 30 अँपिअरची, म्हणजे 3600 वॉटमध्ये सगळं बसवायचं. एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावला की ब्रेकर पडलाच. पण तुम्हाला खरा आवडेल तो फ्रिज. त्याला कॉम्प्रेसरच नाही. अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण तापवून तो गार करतो. उष्णता विजेची द्या नाहीतर गॅसच्या छोट्या ज्योतीची, त्याला दोन्ही चालतं. जाळावर चालणारा फ्रिज, आणि आवाज शून्य! फक्त गाडी तिरकी उभी राहिली तर आतलं द्रव एका जागी साचतं आणि गार होणं थांबतं. म्हणून पोचल्यावर सगळ्यात आधी फरशीवर पाणसळ ठेवायची, बुडबुडा कुठे सरकतो ते बघायचं आणि त्याच्या उलट, म्हणजे खालच्या बाजूच्या चाकाखाली ठोकळे घालून गाडी थोडी थोडी पुढे घ्यायची. एकाने आत बुडबुडा बघायचा, एकाने गाडी चालवायची. आत बसून "अजून, अजून, बास" म्हणायचं काम मी तुमच्यासाठी राखून ठेवलंय. वीज मंडळात उभी हयात काढलेल्या माणसाइतकं चोख ते कुणी करणार नाही. आईचं इन्सुलिन त्याच फ्रिजमध्ये राहील.

आता तळ्याबद्दल. लाल पाइनची झाडं इथे इतकी उंच आहेत की शेंडा बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागते. काही दोनशे वर्षांहून जुनी आहेत. खोडाच्या सालीचे लालसर पापुद्रे निघतात आणि ऊन चढलं की राळेचा वास सुटतो. खाली सुयांचा थर इतका मऊ की बाबांच्या गुडघ्यांना सुखच वाटेल. हे उद्यान 1891 साली राखलं गेलं, मिनेसोटातलं हे सर्वांत जुनं राज्य उद्यान. पण नुसतं जाहीर करून झाडं वाचली नव्हती. लाकूड कंपन्या ओंडके वाहून न्यायला पाणी अडवत होत्या आणि ते पाणी काठावरच्या झाडांत चढत होतं. 1903 साली इथली व्यवस्था मेरी गिब्ज नावाच्या चोवीस वर्षांच्या मुलीकडे आली होती. बंधाऱ्याची दारं उघडा म्हणून ती थेट त्या लोकांसमोर जाऊन उभी राहिली. तिला गोळी घालायची धमकी मिळाली तरी ती हटली नाही. बाबा, तुम्ही खुर्ची टाकून बसाल ना, त्या सावलीत तिचा वाटा आहे.

आणि आई, या तळ्यातून मिसिसिपी नदी निघते! तळ्याच्या उत्तर टोकाला दगडांची रांग आहे, तिच्यावरून पाणी घरंगळत खाली जातं आणि तीच मिसिसिपी. पोटरी-गुडघ्याइतकं पाणी, पंधरा-वीस पावलांत पलीकडे. शेजारी लाकडी खांबावर कोरलंय की इथून ही नदी 2552 मैल वाहत मेक्सिकोच्या आखाताला मिळते. म्हणजे चार हजार किलोमीटरच्या वर, आपल्या कृष्णेच्या जवळजवळ तिप्पट. गंमत म्हणजे आखात दक्षिणेला असूनही ती आधी उत्तरेला बमिजीकडे जाते आणि मग वळते. महाबळेश्वरला गोमुखातून पडणारी कृष्णा बघून तू दर वेळी हात जोडतेस, तसे इथेही जोडशील हे मला माहीत आहे. इथे उगमावर देऊळ नाही, हार-नारळ नाही. लोक नुसते पायातले बूट काढतात आणि पाण्यात उतरतात. ती दगडांची रांग आणि उगमाची आजची बांधणी 1930 च्या दशकातली आहे, आधी तिथे दलदल होती, हे बाबांना सांगून ठेवते. दगड निसरडे आहेत, तेव्हा बाबांनी त्यावरून जायचं नाही. थोडं खाली ओंडक्याचा पूल आहे, तिथून पलीकडे जाता येतं. गाडीतळापासून उगमापर्यंतची पायवाट सपाट आहे.

अस्वलांचं विचारशील. काळी अस्वलं या जंगलात आहेत. ती खाण्याच्या वासाने येतात, म्हणून टेबलावर शिते-खरकटं काही ठेवायचं नाही, सगळं गाडीत बंद. मला आजवर एकही दिसलेलं नाही. रात्री तळ्यावरून एक लांबलचक हाक येईल, ती ऐकून दचकू नकोस. तो लून पक्षी आहे, इथला राज्यपक्षी, काळा-पांढरा आणि लाल डोळ्यांचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आता ती हाक आली नाही तर मला चुकल्यासारखं होतं.

शेकोटीचं लाकूड घरून आणता येत नाही. अॅश झाडं मारणारा हिरवा किडा लाकडातून पसरतो, मिनेसोटात तो 2009 साली सापडला. त्यामुळे मोळी इथेच विकत घ्यायची. त्या निखाऱ्यांवर मी वांगं भाजते, भाकरीचं पीठ घरून नेते. रात्री दहानंतर सगळीकडे शांतता पाळतात, जनरेटरही बंद.

या खेपेला शेजारच्या जागेवर एक जोडपं होतं, तुमच्याहून थोडं मोठंच असेल. आजींच्या हातात वॉकर होता. सकाळी आजोबांनी आधी दोन खुर्च्या काठावर नेऊन ठेवल्या, मग परत येऊन आजींना हाताला धरून हळूहळू नेलं, मग पुन्हा येऊन कॉफीचा थर्मास आणि पांघरूण नेलं. तीन खेपा. मग दोघं दुपारपर्यंत तिथेच बसून होती, फारसं बोलतही नव्हती. त्यांच्याकडे बघून मला रडू आलं. तुम्ही दोघांनी माझ्या फिया, दादाचं लग्न, घराचे हप्ते या सगळ्यापायी प्रत्येक सहल "पुढच्या वर्षी" म्हणून पुढे ढकललीत. आता पुढे ढकलू देणार नाही. खर्चाचं बोलायचं नाही, तो आमचा.

सप्टेंबरच सांगतेय त्याला कारण आहे. जून-जुलैत डास बसू देत नाहीत. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी ओसरते आणि महिना सरता सरता मेपलची पानं लाल-केशरी होतात. रात्री गारठा पडतो, पण गाडीत गॅसवरचा हीटर आहे. तरी बाबांचा लोकरीचा बंडी-स्वेटर आणि आईचे मोजे आणाच. हॉस्पिटल पार्क रॅपिड्सला आहे, गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास.

इथलं आरक्षण 120 दिवस आधी उघडतं आणि विजेच्या जागा चटकन संपतात. म्हणजे मला मे महिन्यात नोंदणी करावी लागेल. ओजसची शाळा असेल, पण दोन दिवसांची रजा मी काढून देईन, आजी-आजोबांसाठी एवढं चालतं. एप्रिल संपायच्या आत मला तारखा कळवा. आईच्या औषधांची चिठ्ठी इंग्रजीतून लिहून घ्या आणि बाबा, गुडघ्यांसाठी फिजिओथेरपी सांगितली आहे ती आजपासून सुरू करा, पायऱ्या चढायचा सराव हवा.

बाकी भेटीअंती.

तुमची,
मनू