बेळगावच्या उद्यमबागेतल्या मेकॅनिक मामांना, तेलाची गळती थांबवल्याबद्दल मनापासून आभार

मामा, नमस्कार.

पैसे देताना तुम्ही मला धड बोलूही दिलं नाहीत, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

आजोबांची १९५७ची एमजीए (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) तेल गळते म्हणून तुमच्याकडे आणली, त्याआधी दोघा मेकॅनिकांनी एकच निदान केलं होतं: क्रँकचं (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं, तेल अडवणारं सील गेलंय, इंजिन उतरवा. म्हणजे खर्चाला तोटाच नाही. तुम्ही मात्र वाकून बघितलंत आणि म्हणालात, "या इंजिनाला मागं सील असतंय कुठं ओ?" अँबॅसिडरवर आयुष्य घालवलेला माणूस! दोन्ही गाड्यांचं इंजिन एकाच बी-सिरीज घराण्यातलं, १४८९ सीसीचं. क्रँकवर उलटे आटे असतात, ते चालू इंजिनात तेल परत चेंबरकडे (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीकडे) ढकलतात, हे तुम्हाला पाठच होतं.

मग इंजिन रॉकेलनं धुऊन, वाळवून, तेलाचा माग दिसावा म्हणून त्यावर चक्क अंगाला लावायची पावडर फवारलीत. (गाडीला अजून तो वास येतो.) गाडी चालू ठेवली आणि मला खाली टॉर्च धरायला लावलंत. बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या आवरणाच्या) तळाच्या भोकातली कॉटर पिन कोरडी ठणठणीत, म्हणजे गळती क्रँकच्या मागून नव्हतीच. तेलाचा ओघळ बाहेरून, वरून येत होता, मॅनिफोल्डच्या (इंजिनाला जोडलेल्या हवा-धुराच्या नळ्यांच्या) आडच्या मागच्या साइड कव्हरपासून, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याच्या झाकणापासून. मधला एकच बोल्ट कुणीतरी ताकद लावून आवळलेला, त्यामुळे पत्रा बशीसारखा खोलगट झालेला आणि कडा उचललेल्या. तो तुम्ही लाकडी ठोकळ्यावर ठोकून सरळ केलात, कॉर्कचं नवं पॅकिंग बसवलंत.

पण खरी मेख ब्रीदरमध्ये, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीत होती. पुढच्या साइड कव्हरची ही नळी काजळीनं बुजलेली. आतल्या वाफेला वाट नाही, मग ती जिथं फट मिळेल तिथून तेल बाहेर रेटणार. नळी साफ केली नसती तर नवं पॅकिंगही टिकलं नसतं, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आलो. साइड कव्हर कोरडं आहे. रात्रभर उभी राहिली की मागे दोन-चार थेंब पडतात. ते "जन्मजात" म्हणून सोडून द्या असं तुम्ही बजावलंच होतं, तेव्हा खाली पत्र्याचा ट्रे ठेवलाय.

इंजिन उतरवायला सांगून तुम्ही सहज चौपट पैसे घेऊ शकला असता. फार उपकार झाले. पावसाळ्याआधी कार्बोरेटरला घेऊन येतो. या वेळी मजुरी तुम्ही सांगायची, मी नाही.

आपला,
शहापूरचा एमजीवाला