अण्णांच्या फोनविषयी

अंबाजोगाई,
14 सप्टेंबर 2025

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

अण्णांना दिसतच नाही, तर त्यांना स्मार्टफोन कशाला, असे तू विचारलेस. उत्तर मुद्दाम सविस्तर लिहितो आहे.

काचबिंदूने माझ्या मामांची दृष्टी गेल्यापासून बँकेचा प्रत्येक संदेश त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे, त्यामुळे पेन्शन जमा झाल्याची बातमी त्यांच्याआधी शेजाऱ्याला कळे. आता फोनमधली टॉकबॅक ही सोय सुरू केल्यावर बोट जिथे टेकेल तिथला मजकूर फोन बोलून दाखवतो आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडते. पहिला आठवडा चिडचिडीत गेला, हे खरे, पण आज ते इयरफोन लावून संदेश एकटे ऐकतात, रिझर्व्ह बँकेने 2020 साली आणलेल्या ‘मनी’ अ‍ॅपसमोर नोट धरून ती शंभराची की पाचशेची हे स्वतः पडताळतात आणि म्हणतात, “आता माझं मला कळू लालंय.”

गाडे अडले ते केवायसीपाशी, म्हणजे बँकेच्या ओळख-पडताळणीपाशी. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याची सूचना होती. चेहरा चौकटीत आहे की नाही हेच ज्यांना कळत नाही, त्यांनी ती पाळावी कशी? तीन दुपारी वाया गेल्या आणि शेवटी मलाच शेजारी बसावे लागले. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींच्या आणि एका अंध वकिलाच्या अशाच तक्रारींवर सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी निकाल दिला, डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या 21व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि मिचकावण्याला पर्याय देण्यास सांगितले. तो पर्याय मामांच्या फोनपर्यंत अजून पोचायचा आहे.

आमची कर्णबधिर पुतणी पुण्याहून आईशी व्हिडिओ कॉलवर खुणांच्या भाषेत बोलते. संध्याकाळी नेटवर्क मंदावले की आपण ‘हॅलो, हॅलो’ करतो. तिचे मात्र हातच वाक्याच्या मध्यावर थिजतात. अलेक्झांडर ग्रॅहम बेलची आई आणि पत्नी दोघीही बधिर होत्या, तरी 1876 च्या त्याच्या दूरध्वनीचा बधिरांना काडीचाही उपयोग नव्हता. टंकलिखित मजकूर त्याच तारांवरून पाठवण्याची सोय 1964 साली रॉबर्ट वाइटब्रेख्ट या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने केली, आणि तो स्वतः बधिर होता.

तेव्हा फोन घेच. पहिला धडा मामाच देणार आहेत. मात्र शिकवणी चालू असताना तू खोलीत थांबायचे नाहीस, अशी त्यांची अट आहे.

अण्णांना नमस्कार सांग.

तुझाच मित्र