सोसत नाही म्हणे!

प्रिय मन्या,

पुढच्या महिन्यात तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे हे कळलं आणि लगेच लिहायला बसलो. आधी माझी कर्मकथा ऐक.

पित्ताशय काढलं त्या रात्री ट्रामाडॉल या पेनकिलरचं इंजेक्शन मिळालं. तासाभराने दुखणं होतं तिथेच, वर मळमळ. कूस वळायची म्हटली की टाके ओढायचे. बेडचा कठडा धरून पडलो होतो. सिस्टर म्हणाली, "काका, थोडं सोसावं लागतं." शेजारचा गडी तेवढ्याच डोसवर घोरत होता! मलाही वाटलं, आपणच नाजूक. सकाळी भूलतज्ज्ञांनी मॉर्फिन दिलं आणि थोड्याच वेळात मी माणसात आलो.

कारण नंतर जनुक तपासणीत कळलं. ट्रामाडॉल काय, कोडीन हे दुसरं पेनकिलर काय, यकृतातल्या सीवायपी२डी६ या एन्झाइमने त्यांचं रूप बदललं तरच त्यांना खरा जोर येतो. कोडीनचं तर मॉर्फिनच व्हावं लागतं. ते एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाच्या माझ्या दोन्ही प्रती निकामी! युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरात पाच-दहा जण असे निघतात. मॉर्फिनला हा फेरा लागत नाही, म्हणून ते लागू पडलं.

उलटा प्रकार जास्त भयंकर. काहींकडे या जनुकाच्या जादा प्रती असतात. कोडीनचं झपाट्याने मॉर्फिन होतं आणि श्वास मंदावतो. टॉन्सिल काढलेली काही मुलं यातच दगावली. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) त्यावर कडक इशारा दिला, आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊच नका, दुखण्यावर ट्रामाडॉलही नको, असं सांगितलं.

मॉर्फिन मेंदूत जिथे चिकटतं त्या रिसेप्टरचंही एक जनुक आहे, ओपीआरएम१. त्यातल्या एका बदलामुळे डोस किंचित जास्त लागू शकतो, पण फरक इतका थोडा की त्यावरून डोस ठरवत नाहीत. सगळं खापर जनुकांवर फोडू नकोस, एवढंच.

तू ती डिप्रेशनची गोळी अजून घेतोस ना? पॅरॉक्सेटीन किंवा फ्लुओक्सेटीन असेल तर भूलतज्ज्ञांना नाव सांगच. ती हेच एन्झाइम अडवते. जनुक धडधाकट असूनही तुझी गत माझ्यासारखी व्हायची. पण भीतीपोटी स्वतःहून बंद मात्र करू नकोस. आणि पूर्वी कुठलं पेनकिलर लागू पडलं नाही, कशाने गुंगी जास्त आली, तेही आठवून लिहून ठेव.

तारीख पक्की झाली की कळव. पहिल्या रात्री सोबतीला मी थांबतो.

तुझाच,
बाळ्या