खोडू न दिलेल्या नावाबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. प्रबंध जमा झाला. त्यातल्या आभाराच्या पानावर तुमचा उल्लेख जेमतेम एका ओळीत उरकला गेला, ही रुखरुख स्वस्थ बसू देत नाही म्हणून हे पत्र.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे, भिजलेल्या शेवयांच्या गुंत्यासारखे दिसणारे ते तांबूस शैवाल घेऊन मी तुमच्या प्रयोगशाळेत आले, तेव्हा माझे दीड वर्ष वाया गेलेले होते. आधीच्या मार्गदर्शकांच्या मते ‘ग्रॅसिलारिया म्हणजे ग्रॅसिलारिया, त्यात बघायचे काय?’ त्यांच्याच सांगण्यावरून सगळे नमुने फॉर्मॅलिनमध्ये गेले आणि फॉर्मॅलिनने नासलेला डीएनए वाचता येईना, तेव्हा दोष मात्र माझ्या हाताला लागला. तुम्ही कोणालाही नावे ठेवली नाहीत. नमुने झटपट वाळवणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या हातात दिल्या आणि पुढच्या ओहोटीची वेळ सांगितली.

नव्या नमुन्यांतील, जाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या आरबीसीएल जनुकाने सरळ दोन गट पाडले, तेव्हा मी लगेच नावे लिहायला निघाले होते. ‘यंत्राला दोन दिसले, आता तुम्हाला दिसू देत,’ असे म्हणून तुम्ही पाते हातात घेतले आणि दोन्ही गटांतल्या मादी झाडांवरच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या गाठींचे पातळ छेद घेतलेत. एकीत आतल्या पेशीपुंजापासून भिंतीपर्यंत गेलेल्या नळीसारख्या पेशी होत्या, दुसरीत त्यांचा मागमूस नव्हता. पहिली ग्रॅसिलारिया ग्रॅसिलिस, दुसरी ग्रॅसिलॅरिऑप्सिस लॉंजिसिमा. ब्रिटनमधल्या या दोघींची फारकत 1995 साली स्टीनटॉफ्ट, आयर्विन आणि फार्नहॅम यांनी मांडली. त्याआधी दोघी ‘व्हेरुकोसा’ या एकाच नावाखाली नांदत होत्या. ग्रॅसिलॅरिऑप्सिस ही प्रजातीच (म्हणजे जवळच्या जातींचा गट) 1949 मध्ये डॉसनने उभी केली, 1966 मध्ये पापेनफसने मोडीत काढली आणि 1989 मध्ये फ्रेडरिक व हॉमरसँड यांनी याच गाठींच्या आधारे पुन्हा उभी केली, हेही त्याच दुपारी तुमच्याकडून कळले. जनुकांच्या सार्वजनिक संग्रहातले नावसुद्धा मूळ नमुना ओळखणाऱ्याच्या नजरेइतकेच खरे असते, ही तुमची ताकीद तर मी टेबलावर लिहून ठेवली आहे.

पण खरे आभार वेगळ्याच गोष्टीचे आहेत. माझ्या वाळवलेल्या नमुन्याच्या कागदावर मी ठसठशीत अक्षरात ‘ग्रॅसिलारिया व्हेरुकोसा’ लिहिले होते. शरमेने मी ते खोडायला पेन उचलले, तर तुम्ही माझे मनगट हलकेच धरलेत. ‘राहू द्या. त्या दिवशी तुम्हाला तसे वाटले होते, हीही नोंदच आहे.’ मग शेजारी एक लहानशी चिठ्ठी चिकटवून तिच्यावर नवे नाव आणि तारीख घातलीत, आणि ओळखणाऱ्याच्या जागी स्वतःचे न लिहिता माझे नाव लिहिलेत. दीड वर्ष चुकांचा पाढा ऐकलेल्या मुलीला हे केवढे वाटले, हे तेव्हा बोलता आले नाही. मी उगाच सूक्ष्मदर्शकाची काच पुसत राहिले. अशी माणसे शास्त्रात असतात, यावरचा माझा विश्वास तोवर उडत चालला होता.

तो कागद आता वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात दाखल झाला आहे. दोन्ही नावांसह.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी