खांद्याच्या सांध्याचीही कमाल किंमत ठरवा

मा. श्री. जे. पी. नड्डा,
केंद्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण, तसेच रसायने व खते मंत्री यांस,

स. न. वि. वि.

ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याची कमाल किंमत ठरवली. सरासरी १ लाख ५८ हजारांचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपये अधिक जीएसटीवर आला. त्या आदेशात खांद्याचा सांधा नव्हता. औषधं-उपकरणांच्या किमती ठरवणारं प्राधिकरण आणि आरोग्य खातं, दोन्ही आपल्याच अखत्यारीत आहेत, म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहिते आहे.

मी घरोघरी जाऊन वृद्धांना फिजिओथेरपी देते. ऐंशी ओलांडलेलं माणूस मोरीत घसरतं, हात टेकायला जातं आणि दंडाच्या हाडाचा वरचा गोळाच फुटतो. यातल्या सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही. हाड फारसं सरकलं नसेल तर हात झोळीत ठेवून आणि पुढे व्यायाम करून निभावतं. पण गोळ्याचे तीन-चार तुकडे झाले आणि हाडं ठिसूळ असली, की प्लेट-स्क्रूची पकड राहत नाही. अशांसाठी ‘रिव्हर्स’ सांधा आहे. १९८५ च्या सुमारास फ्रान्सच्या पॉल ग्रामों यांनी तो पुढे आणला. त्यात गोळा फऱ्याच्या बाजूला बसवतात आणि वाटी दंडाच्या हाडावर. आतले स्नायुबंध वयाने विरले असले तरी बाहेरचा डेल्टॉइड स्नायू हात उचलतो. थकलेल्या खांद्याला नेमकं हेच हवं असतं.

८६ वर्षांच्या एका आजींकडे मी जात असे. उजवा हात छातीच्या वर जाईना. अंबाडा सून घालून द्यायची, त्याचं त्यांना फार वाटत नसे. खरी अडचण वॉकरची होती. दोन्ही हातांवर भार टाकल्याशिवाय वॉकर पुढे सरकत नाही, त्यामुळे मोडला खांदा आणि थांबलं चालणं. हृदयाच्या तपासण्या ठीक आल्या होत्या, भूलतज्ज्ञ तयार होते. अडलं ते आकड्यावर. एका हॉस्पिटलने ठोक रक्कम सांगितली, त्यात सांध्याचे किती ते सांगेनात. दुसरीकडे आकडा निराळाच. शेवटी मुलगा म्हणाला, ‘या वयात आता कशाला?’ वयाचं नाव पुढे केलं, पण हिशेब पैशाचाच होता, आणि त्याला मी दोष देत नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारत योजनेतून कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. फार मोलाचं काम झालं. पण योजनेतले दर बांधलेले आणि सांध्याचा भाव मोकळा, तर मेळ बसायचा कसा?

खांद्याच्या सांध्याच्या प्रत्येक भागाची कमाल किंमत ठरवावी आणि ती बिलात वेगळी दाखवणं सक्तीचं करावं, ही विनंती. ऑपरेशननंतरचे घरच्या घरी करायचे व्यायामही योजनेत घ्यावेत. हात महिनाभर झोळीत राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला रोज रिक्षाने दवाखान्यात नेणं कुणालाच जमत नाही.

कळावे,
एक फिजिओथेरपिस्ट