चि. सईस, गाडीविषयी

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ताटावरून उठून गेलीस, ते मनात धरून लिहीत नाही. तुझ्या वाटणीचा तांबडा रस्सा आईने झाकून ठेवला होता, तो शेवटी दादाने संपवला. लिहायचं कारण वेगळं आहे. काल दादाने तू पाठवलेला फोटो दाखवला. अंधारात बॉनेट उघडं, टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, लालभडक, आणि खाली तू लिहिलंयस, "पेटला बघ गडी!" दादाला लई कौतुक. मला रात्री झोप नाही.

शिरोलीला भट्टीवर होतो तेव्हापासून लोखंडाच्या रंगावरून ताप ओळखायची सवय आहे. अंधारात जेमतेम दिसणारा लाल म्हणजे ५५०-६०० अंश. चेरी लाल झाला की ७५० च्या आसपास. नारिंगीकडे झुकला की ९०० च्या पुढं. तुझ्या फोटोतला नारिंगीकडे झुकलेला आहे. मोबाइलचा कॅमेरा खऱ्यापेक्षा उजळ दाखवतो म्हणून शंभर अंश सोडून देतो, तरी ८०० राहतातच. आणि त्याच्यावर वीतभर अंतरावर फायबरचं बॉनेट. पत्र्याचं नव्हे, फायबरचं. पत्रा तापतो, रंग जातो, तिथंच थांबतो. रेझिन पेट घेतं, आणि घेतलं की काळा धूर करत जळतच राहतं.

आता तू म्हणशील, पप्पांनी परत तेच सुरू केलं. नाही करत. दुसरं बोलतो.

तुझ्या गाडीच्या मी विरोधात नाही, हे एकदा कागदावर येऊ दे. सावंतवाडीच्या त्या गोठ्यातून तू ती उचलून आणलीस तेव्हा मी तिला टपरी म्हणालो होतो, ते तुझ्या आईसमोर म्हणालो होतो, तिनेच तुला सांगितलं. पण आतून मला बरं वाटलं होतं. सॅन स्टॉर्म म्हणजे आपल्या शेजारच्या गोव्यात बनलेली दोन सीटची गाडी, ११४९ सीसीचं रेनोचं इंजिन, आठ व्हॉल्व्ह, ६० हॉर्सपॉवर. आजच्या पोरांनी नावसुद्धा ऐकलेलं नसतं. उद्यमनगरात ती टेम्पोतून उतरवली तेव्हा आजूबाजूच्या शेडमधले सगळे टर्नर हात पुसत बाहेर आले होते. कोण म्हणालं बाहेरदेशीची, कोण म्हणालं पोरीनं घरीच बनवली. मी दोन्ही नाकारलं नाही.

इंजिन उघडलं तेव्हा तू बोअर गेज घेऊन वाकली होतीस, आणि म्हणालीस तिसरं सिलिंडर वर गोल आहे, खाली नाही. आमच्या मिस्त्रींनी मोजलं होतं आणि सगळं ठीक सांगितलं होतं. तू परत मोज म्हणून हटून बसलीस. मोजलं. तुझंच बरोबर निघालं. त्या दिवशी मिस्त्रींनी मला चहा पिताना विचारलं, "मालक, शेड कुणाच्या नावावर करणार?" मी काही बोललो नाही. दादाला हे सांगू नकोस.

तुला दसरा चौक आठवतो का? तू पहिलीत की दुसरीत असशील. महाराजांची मेबॅक मोटार आली, ती १९३६ ची. सगळी पोरं सोनं लुटायला पुढं सरकत होती आणि तू पोलिसाच्या पायातून वाकून गाडीखाली बघत होतीस. आत्याने दंडाला धरून ओढलं तर तिलाच विचारलंस, "हिचं तेल कुठं सांडतंय?" जाऊ दे. सांगायचं होतं ते तेलाचंच.

निळ्या धुराचं कोडं तू सोडवलंस, ते दादाकडून कळलं. ॲक्सिलरेटर सोडला की मागे निळा धूर, आणि सगळे सांगायला लागले टर्बोचं सील गेलं, टर्बो बदल. तू बदललास, तरी धूर आहेच. शंभरातले नव्वद जण इथं तिसरा टर्बो घेतात. तू टर्बोतलं तेल परत खाली नेणारा रिटर्न पाइप काढून त्याच्या फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चकतीवर, बोट फिरवलंस आणि आत पिळून आलेला गॅस्केट सिलिकॉनचा लाल दोरा सापडला. अर्धं भोक बुजलेलं. टर्बोत तेल पंपाच्या दाबाने जातं, पण बाहेर येतं ते फक्त आपल्या वजनाने, त्यामुळे रिटर्न जाड हवा, सरळ उताराचा हवा, आणि संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या परातीत, तेलाच्या पातळीच्या वर उघडणारा हवा. तिथं तुंबलं की तेल सीलमधूनच वाट काढणार. नवं सील असलं तरी. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, एका ट्रकवर हात काळे करून कळलं होतं. तुला बोट फिरवून कळलं. फार बरं वाटलं, सई. इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणारा ब्रीदरचा पाइपसुद्धा एकदा बघ, त्या पोटात, क्रँककेसमध्ये, दाब साठला तरी तेल असंच अडतं.

पण मग ते अडलेलं तेल गेलं कुठं, याचा विचार केलास का? मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाचा धूर टर्बोपर्यंत नेणाऱ्या पाइपांना, तू ती ताप अडवणारी काचेच्या धाग्याची पट्टी गुंडाळली आहेस. तिच्यात तेल मुरलं असेल तर ते दिसत नाही. वरून पट्टी कोरडी, आत चिंब. तेलाला पेटायला ठिणगी लागत नाही, तापलेलं लोखंड पुरतं. ती पट्टी काढून टाक, नवी लाव. धुऊन वापरू नकोस, पन्नास रुपये वाचवायला जाऊ नकोस. घाट चढून तू गाडी उभी करशील, इंजिन बंद करशील, वारा थांबेल, आणि ताप तेव्हा वर चढेल. चालू असताना नव्हे, थांबल्यावर. म्हणून म्हणतो, आल्या आल्या किल्ली फिरवू नकोस, मिनिटभर सावकाश चालू ठेव. टर्बोच्या दांड्यात अडकलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो तेही टळेल.

बाळूकाका अजून डाव्या हाताने जेवतो. एवढंच.

पेट्रोलचे पाइप बदललेस का? हे मी रविवारीही विचारणार होतो, त्याआधीच आपलं वाजलं. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं. आपल्याच उसाचं, त्याला मी नावं ठेवू कशी, कारखान्याच्या बिलावरच आबांनी आम्हाला शिकवलं. पण तुझ्या गाडीचे रबरी पाइप त्या काळातले, जेव्हा टाकीत नुसतं पेट्रोल असायचं. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मग चिरतं, आणि चीर पडते ती बहुधा क्लिपच्या तोंडाशी, जिथं नजर जात नाही. पाइप हाताने वाकवून बघ, वास घे. नाहीतर बघूच नकोस, सगळे बदल. इंजेक्शनच्या दाबाला चालणारेच घे, कार्बोरेटरवाले स्वस्तातले नकोत. आणि टर्बोच्या बाजूने एकही पाइप जाता कामा नये, लांबून फिरव, मीटरभर जास्त लागला तर लागू दे.

त्याच इथेनॉलचा फायदाही आहे, ऑक्टेन जास्त, त्यामुळे नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकणं, उशिरा होतं. पण त्यात प्राणवायू असतो म्हणून तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. नुसत्या पेट्रोलचा एका भागाला १४.७ भाग हवेचा हिशेब इथं लागू नाही, २० टक्क्यांवर तो साडेतेराच्या जवळ येतो. मीटर लॅम्डात वाच, त्यात कुठल्याही इंधनाचं बरोबर मिश्रण १ च दिसतं, म्हणजे गोंधळ नाही. दाबावर असताना मिश्रण पातळ पडलं की पिस्टनचा माथा मेणासारखा जातो, आणि एक्झॉस्ट आणखी तापतो. म्हणजे फिरून फिरून तिथंच येतो बघ मी.

तू म्हणालीस टर्बोच्या ०.४ बार दाबावर इंजिन छान चाललंय, आता ०.७ करणार, शंभर हॉर्सपॉवर निघतील. निघतील. बाहेरची हवा १ बार धर, ०.४ म्हणजे चाळीस टक्के जादा दाब, गरम हवेचा तोटा वजा करून ८० च्या घरात तू आत्ताच आहेस. पिस्टन तेच, कनेक्टिंग रॉड तेच, हेड गॅस्केट तेच, ब्रेक तर ६० चेच. इंजिन तू बांधलंस म्हणून ते टिकेल यावर माझा विश्वास आहे. पण टर्बो तू जुन्या डिझेल हॅचबॅकचा बसवलायस. डिझेलचा धूर पेट्रोलपेक्षा थंड असतो. त्या घराचं ओतकाम त्या तापाच्या हिशेबाने झालेलं असतं. पेट्रोलच्या टर्बोला निकेल जास्त असलेलं लोखंड वापरतात ते उगीच नव्हे. त्यामुळे ०.७ चं नाव पहिल्यांदा मॅनिफोल्ड आणि टर्बो नीट होईपर्यंत काढू नकोस. नंतरही काढू नकोस, पण ते तू ऐकणार नाहीस.

आणि हो, आगीचं सिलिंडर. किलोभराचं, पावडरचं. डिकीत नको. डिकी उघडायला कोण थांबतं? सीटच्या पुढं, पट्टा लावलेला असताना हात पोहोचेल तिथं, लोखंडी पट्टीने घट्ट. बॉनेटमधून धूर आला तर बॉनेट पूर्ण उघडायचं नाही, हवा मिळते. बोटभर फट करून आत मारायचं. त्याआधी इंजिन बंद, पेट्रोलचा पंप बंद. पंपाला वेगळं बटण आहे ना? नसेल तर कर. आणि विझलं नाही तर गाडी सोडून लांब जायचं. गाडी जळू दे. सई, गाडी जळली तर जळू दे, मी दुसरी बांधून देतो, इंजिन परत बोअर करून देतो, तू फक्त लांब उभी राहा.

खूप झालं. वाचताना तुझा चेहरा दिसतोय मला. सत्ताविसाव्या वर्षी कुणी एवढं ऐकून घेत नाही. चाकणला तू याहून मोठी यंत्रं सांभाळतेस आणि तुझ्या हाताखाली माणसं आहेत, हे मला ठाऊक आहे. तुझा बाप आहे म्हणून बोलतो, राग मानू नकोस. तरी रस्त्याचं एक राहिलंच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं आहे की नोंदणीतली माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. काही झालं तर विमावाला तिथंच बोट ठेवेल. म्हणून गगनबावड्याच्या घाटात रात्री एकटी जायचं बंद कर. कोइमतूरला करी रेस ट्रॅकवर जाणार म्हणतेस ते मला पटतं. तिथं आग विझवणारी माणसं कडेला उभी असतात, आणि तू एकटी नसतेस. टेम्पोत घालून ने. भाडं मी देतो. मी येऊ का, हे विचारणार नाही, तू बोलावलंस तर येईन, दुकान दादा बघेल.

आता मॅनिफोल्ड. पाइप जोडून वेल्डिंग केलेला तुझा मॅनिफोल्ड तडकला, परत तडकणार. पातळ पाइपवर एवढं वजन लटकतं, तापून फुगतो, गार होऊन आखडतो, वेल्डच्या कडेलाच चीर जाते. आणि चिरेतून निघालेल्या झोताचं तोंड कुठं असतं ते मी परत सांगत नाही. मी नव्या मॅनिफोल्डच्या ओतकामासाठी लाकडाचं पॅटर्न करायला दिलंय. तुला न विचारता दिलंय. शिरोलीत ओळखीच्या फाउंड्रीत सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम घातलेल्या एसजी, म्हणजे चिवट ओतीव, लोखंडात ओततील, ते तापाला टिकतं. भिंत सहा मिलिमीटर ठेवली आहे, टर्बोचं वजन तोलायला खाली एक आधाराचा कान वाढवलाय, तो इंजिनाच्या ब्लॉकला बांध, नाहीतर सगळा भार स्टडवर येतो आणि नट ढिले होतात. फ्लँज आपल्याच शेडमध्ये फेसिंग करून देतो. स्टड साधे घेऊ नकोस, मी आणून ठेवलेत.

एक अडलंय. टर्बोच्या बाजूच्या फ्लँजचं माप माझ्याकडे नाही. जुनं गॅस्केट पांढऱ्या कागदावर ठेव, बारीक पेन्सिलीने आतून बाहेरून रेघ मार आणि कागद कुरिअरने पाठव. भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं माप व्हर्निअरने घेऊन बाजूला लिही. पुढच्या आठवड्यात भट्टी लागणार आहे, त्याआधी मिळायला हवं.

आईने शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याची बरणी दादाबरोबर पाठवली आहे. बरणी परत कर म्हणते.

तुझे
पप्पा

ता. क. रिटर्न पाइपचं आतलं माप १६ आहे का १९, तेही त्याच कागदावर लिही. १६ असेल तर मी नवी निपल टर्न करून पॅटर्नबरोबरच पाठवतो.